चवळी आणि कॉलर्डचं सदर्न सूप: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

डिसेंबर निम्मा सरला की माझ्या फोनवर हेच प्रश्न सुरू होतात, कुणी नुकतंच शार्लटला शिफ्ट झालेलं असतं, कुणाची वहिनी ह्यूस्टनहून विचारते, आणि पुण्याची मावसबहीण तर दरवर्षी नव्याने विचारते कारण मागच्या वर्षीचा मेसेज तिला सापडत नाही. मी जॉर्जियात राहते, अटलांटापासून पाऊण तासावर, आणि हे सूप मला शेजारच्या आजींनी शिकवलं. इथे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी "मिस" लावतात, लग्न झालेलं असो नसो, आपल्या "ताई"सारखंच. मी मनात त्यांना आजीच म्हणते. तर एकदाच सगळं लिहून टाकते.

हे सूप म्हणजे नक्की काय?

अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलायना, लुईझियाना वगैरे, तिकडे चवळी आणि कॉलर्ड नावाची पालेभाजी हे जोडीने येणारं जेवण आहे. बऱ्याच घरांत दोन वेगळ्या पातेल्यांत करून शेजारी शेजारी वाढतात. सूप म्हणजे तेच दोन्ही एका मोठ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात, धुरावलेल्या मांसाच्या हाडाबरोबर मंद गॅसवर तास दीड तास शिजवलेलं. मसाले जवळजवळ नाहीतच. चव येते ती धूर, कांदा, पाला आणि वेळ यातून. शेवटचं बहुतेक लोक देत नाहीत आणि मग मला फोन करतात.

पीज म्हणजे मटार ना?

नाही नाही नाही. पहिल्या वर्षी मीही हिरवे मटार घेऊन आले होते. दक्षिणेत नुसतं "पीज" म्हटलं तर बहुतेक वेळा चवळी किंवा चवळीच्या कुळातलं काहीतरी असतं, ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली ती पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी. वनस्पतिशास्त्राने बघितलं तर तो वाटाणा नाहीच, बीन आहे. याचे प्रकारही खूप, क्राउडर पीज, लेडी पीज, पर्पल हल, समुद्रकाठच्या बेटांवरची लाल चवळी. इंडियन स्टोअरमध्ये "लोभिया" किंवा "चवळी" लिहिलेलं पाकीट घेतलंत तरी तेच आहे, वर स्वस्त पडतं. आपली छोटी लाल चवळी घेतली तर सूप जरा गडद आणि जास्त मातकट लागतं, मला आवडतं.

मग ही आपली चवळीची उसळच झाली की?

इथेच सगळे घसरतात. उसळीत आपण चवळी शिजवून तिला मसाल्यात घोळवतो, चव बाहेरून चढते. इथे उलटं आहे, चवळीचा आणि पाल्याचा अर्क पाण्यात उतरवायचा आणि ते पाणी प्यायचं. त्यामुळे पहिल्यांदा करताना मोहरी-हळद-गोडा मसाला कपाटातच राहू द्या प्लीज. माझ्या नवऱ्याने मी बाहेर गेले असताना "जरा चव आणतो" म्हणून त्यात दोन चमचे मालवणी मसाला टाकला होता, छान लागलं, खोटं कशाला बोलू, पण ते सूप राहिलं नाही, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा चुलतभाऊ झाला.

हिंग मात्र चिमूटभर घातला तर पोलीस येत नाहीत.

कॉलर्ड म्हणजे काय? भारतात काय वापरू?

कोबीच्याच घराण्यातली पालेभाजी, फक्त हिचा गड्डा होत नाही, सुटी मोठी पानं येतात. पान जाड, निळसर हिरवं, वरून मेण लावल्यासारखं, पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातात. काश्मिरी लोकांचा हाक हा हिचा अगदी जवळचा नातेवाईक. साउथ कॅरोलायनाने तर 2011 मध्ये कॉलर्डला राज्याची अधिकृत भाजी करून टाकलं. थंडीचा एक कडाका बसला की पानं गोड होतात, गारठ्यात झाड स्वतःतल्या स्टार्चची साखर करतं म्हणून, त्यामुळे इथले जुने लोक पहिलं दव गोठेपर्यंत कॉलर्डला हात लावत नाहीत.

पुण्या-मुंबईत कॉलर्ड मिळणं अवघड. नवलकोलची पानं सगळ्यात जवळची, भाजीवाला ती फुकट देतो किंवा तोडून टाकतो, त्याला आधी सांगून ठेवा. फ्लॉवरची कोवळी पानं, कोबीची बाहेरची हिरवी पानं पण चालतात. मुळ्याचा पाला आणि मोहरीचा पाला घातला तर जरा तिखट-कडू होतं, आणि ते चुकीचं अजिबात नाही, कारण इथेही सलगमचा पाला आणि मोहरीचा पाला लोक आवडीने घालतात, कित्येक घरांत तिन्ही मिसळून. पालक शेवटचा पर्याय, तो तासभर टिकत नाही, शेवटच्या पाच मिनिटांत टाका.

चवळीची पालेभाजी घातली तर? म्हणजे दोन्ही चवळीच!

हा प्रश्न दरवर्षी येतो. बाजारात चवळी किंवा चवळई म्हणून जी जुडी मिळते ती बहुतेक वेळा राजगिऱ्याच्या जातीतली असते, चवळीच्या वेलाचा तिच्याशी काही संबंध नाही. घालायची तर घाला, पण ती पटकन मऊ होते, पालकासारखी शेवटीच.

पानं कशी धुवायची? माझं सूप कचकच लागलं.

वाळू. मला माहितीये, कारण मीही खाल्लीये. पहिल्या वर्षी मी जुडी नळाखाली धरली, हलवली, झालं म्हटलं, आणि आठ माणसं जेवायला बसवली. कुणी काही बोललं नाही, फक्त सगळे हळूहळू चावत होते. आजी दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला आल्या तेव्हा मला सिंकपाशी घेऊन गेल्या आणि दाखवलं. सिंक घासून स्वच्छ करायचं, बूच लावून गार पाण्याने भरायचं, पानं त्यात बुडवून दोन्ही हातांनी घुसळायची आणि मग पानं वर उचलून काढायची, पाणी ओतायचं नाही, कारण वाळू तळाशी बसलेली असते, ओतलं की परत पानांवर. मग सिंकच्या तळावर हात फिरवायचा. रेती लागली तर परत. तीन पाणी तर लागतातच, शेतकऱ्याच्या बाजारातली जुडी असेल तर चार.

मग देठ. पान मधोमध दुमडायचं आणि देठ सरळ ओढून काढायचा, अळूवडीसाठी शिरा काढतो तसं नाजूक काम नाही, सरळ फाडायचं. पाच-सहा पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. देठ फेकू नका, बारीक चिरून कांद्याबरोबर टाका.

बरं आता प्रमाण सांग.

आठ माणसांना एक वेळ, किंवा दोन माणसांना कंटाळा येईपर्यंत. सुकी चवळी 450 ग्रॅम म्हणजे इथलं एक पाउंडाचं पाकीट. कॉलर्डची एक मोठी जुडी, साधारण तेवढंच वजन, शिजल्यावर एवढुशी होते त्यामुळे ढीग बघून घाबरू नका. धुरावलेलं हाड, म्हणजे हॅम हॉक (डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा) किंवा स्मोक्ड टर्कीची तंगडी, एक. दोन मोठे कांदे, सेलरीच्या तीन दांड्या, एक ढोबळी मिरची, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन तमालपत्रं, थोडा थाइम, अर्धा चमचा चिली फ्लेक्स, मिरपूड, आणि अडीच लिटर पाणी. शेवटी एक मोठा चमचा ॲपल सायडर व्हिनेगर. इथलं तमालपत्र आपल्यापेक्षा वेगळं असतं, आपल्या पानाला दालचिनीसारखा वास येतो, म्हणून आपलं वापरणार असाल तर एकच टाका.

कृती अशी की आधी हाड आणि पाणी पातेल्यात घालून झाकण ठेवून तासभर नुसतं उकळू द्यायचं. ही पायरी कुणी करत नाही आणि सगळा फरक इथेच पडतो. एकीकडे चमचाभर तेलात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, देठ परतायचे, लाल करायचे नाहीत, नुसते मऊ, मग लसूण. हे सगळं पातेल्यात. चवळी घालायची, वर फेस येईल तो झाऱ्याने काढायचा. पंधरा मिनिटांनी पाला मुठी मुठीने घालायचा, एक मूठ बसली की दुसरी, नाहीतर मावत नाही. तमालपत्र, थाइम, चिली फ्लेक्स. गॅस बारीक, झाकण तिरकं. आता साधारण पाऊण तास ते एक तास, चवळी दाबली की चुरली पाहिजे पण फुटून पिठलं नको व्हायला, आणि पाला दाताखाली सहज तुटायला हवा. हाड बाहेर काढायचं, मांस सोडवून परत टाकायचं, चरबी आणि कातडं बाजूला. मग चव बघून मीठ, कारण हाड खारट असतं, आधी मीठ घालाल तर पस्तावाल. शेवटी व्हिनेगर.

एक पळी चवळी काढून चमच्याने ठेचून परत टाकली तर सूपला जरा अंग येतं. एवढंच. कॉर्नफ्लॉवर लावून दाट करणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

चवळी भिजवायची का? कुकर चालेल?

चवळीचं साल पातळ असतं, राजमा-छोल्यासारखी रात्रभर भिजवायची सक्ती नाही. न भिजवता तास लागतो, चार तास भिजवून अर्धा-पाऊण तास. मी भिजवते, सवय म्हणून. फ्रोझन ताजी चवळी मिळाली तर ती अर्ध्या-पाऊण तासात होते आणि चव फार छान.

कुकर चालतो पण सगळं एकदम नको. हाड आणि पाणी कुकरला लावा, पाच-सहा शिट्ट्या, तो वेळ वाचवा. मग उघड्या पातेल्यात चवळी आणि पाला. भिजवलेली चवळी कुकरला लावलीच तर दोन शिट्ट्या, त्यापुढे तिचा डोळासुद्धा सापडत नाही.

दोन तास झाले, चवळी टचटचीत आहे. काय चुकलं?

तीनातलं एक असणार. चवळी जुनी (पाकीट कपाटात किती दिवाळ्या बघून आलंय ते आठवा), किंवा पाणी जड, किंवा तुम्ही टोमॅटो नाहीतर व्हिनेगर आधीच घातलंत. आंबट पदार्थाने साल मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून टोमॅटो घालायचाच असेल तर चवळी शिजल्यावर. मिठाला उगाच दोष देतात, त्याने एवढं काही होत नाही. आणि खायचा सोडा टाकू नका हो, चवळी मऊ होईल पण पाल्याचा शेवाळ होईल आणि चव साबणासारखी.

आम्ही पोर्क खात नाही / शाकाहारी आहोत. मग?

पोर्क नको असेल तर स्मोक्ड टर्कीचे पंख किंवा मान घ्या, इथली कित्येक घरं आता तेच वापरतात, कमी चरबी म्हणून.

शाकाहारी करायचं तर नुसतं हाड वगळून चालत नाही, भोक पडतं चवीत. ते भरायला धूर हवा, खारटपणा हवा आणि थोडी स्निग्धता हवी. माझ्या सासूबाई आल्या की मी असं करते: दोन कांदे अख्खे गॅसवर वांग्यासारखे भाजून घेते, काळे होईपर्यंत, आणि चिरून टाकते. दीड चमचा स्मोक्ड पॅप्रिका. सुके मशरूम मूठभर, गरम पाण्यात भिजवून पाण्यासकट. तेल नेहमीपेक्षा दुप्पट, मोकळ्या हाताने. आणि शेवटी कोळशाचा धूर, लाल निखारा वाटीत, वाटी सूपमध्ये तरंगत, वर तुपाचा थेंब आणि झाकण घट्ट, पाच मिनिटं. लिक्विड स्मोकची बाटली पण मिळते, तीन थेंब, चौथा पडला तर घराला आग लागल्यासारखं लागतं. सासूबाई हे दोन वाट्या घेतात आणि म्हणतात "आमच्यावेळी असलं नव्हतं", म्हणजे आवडलं.

हॉटेलात मिळणारे ग्रीन्स शाकाहारी असतात का?

बहुतेक नसतात! हे नव्या लोकांना माहीत नसतं म्हणून ठळक सांगते. इथे "मीट अँड थ्री" नावाची जेवणाची पद्धत आहे, एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, आणि त्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजसुद्धा भाजी म्हणून बसते, यावरून काय ते समजा. ग्रीन्स, चवळी, घेवडा, या सगळ्यांत पोर्कचा तुकडा असायची दाट शक्यता. "व्हेजिटेबल प्लेट" म्हणजे शाकाहारी प्लेट असं नाही. "यात मीट आहे का" असं विचारलं तर कधी कधी "नाही, फक्त चवीपुरतं हॅम" असं अगदी प्रेमाने सांगतात. म्हणून विचारायचं, शिजवताना कशात शिजवलंय? डब्यातल्या चवळीचं लेबलही वाचा, बेकनवाली असते.

1 जानेवारीलाच का खातात?

शकुन. चवळी म्हणजे नाणी, हिरवा पाला म्हणजे डॉलरच्या नोटा, आणि शेजारी मक्याचा कॉर्नब्रेड म्हणजे सोनं. वर्षाच्या पहिल्या दिवशी खाल्लं की वर्षभर पैसा. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, त्यामुळे मला हे समजायला दोन सेकंद लागले. भातात चवळी शिजवून करतात त्याला हॉपिन जॉन म्हणतात, तोही त्याच दिवशीचा. चार्ल्स्टनमध्ये 1847 साली निघालेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आहे, लाल चवळी, तांदूळ आणि बेकन.

एक गोष्ट खूप सांगितली जाते की यादवी युद्धात 1864 साली उत्तरेच्या जनरल शर्मनचं सैन्य जॉर्जियातून सगळं लुटत, जाळत गेलं पण चवळीला गुरांचा चारा समजून सोडून दिलं आणि लोक त्यावर जगले, म्हणून ती शुभ. ऐकायला भारी आहे, पण ही दंतकथा म्हणूनच घ्या. मला दुसरी बाजू जास्त पटते. 1 जानेवारी 1863 ला लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात आला, आदल्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागत बसले होते, आणि आजही 31 डिसेंबरच्या रात्री त्या चर्चमध्ये वॉच नाइट, म्हणजे जागरणाची प्रार्थना होते. शेजारच्या आजी मध्यरात्री तिथून येतात आणि मग पातेलं गॅसवर चढतं. त्यांच्यासाठी 1 जानेवारी म्हणजे आधी तो दिवस, नोटा-नाणी नंतर.

त्या दिवशी संकष्टी आली तर?

चंद्रोदयानंतर खा. सोबत मोदक असतील तर शकुन डबल.

चवळी अमेरिकेत आली कुठून? आपल्याकडून?

नाही, आफ्रिकेतून. चवळी मुळात आफ्रिकेत लागवडीला आली. तिथून ती फार फार जुन्या काळी भारतात पोचली, आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली ती गुलामांच्या जहाजांच्या काळात. म्हणजे आपली चवळी आणि ह्यांची चवळी एकाच घरातून निघालेल्या, एक व्यापाराच्या वाटेने गेली, एक साखळदंडांच्या. पश्चिम आफ्रिकेत चवळी वाटून तिचे वडे तळतात, अकारा म्हणतात, ब्राझीलमध्ये तेच अकाराजे झाले, आणि आपल्याकडेही चवळीचे वडे होतातच. गोव्यात आळसांद्यांचं तोंडाक करतात ते आळसांदेही याच कुळातले.

कॉलर्डचं उलटं आहे, ती युरोपीय लोकांबरोबर आली, पण तिला इतका वेळ हाडाबरोबर शिजवून तिचं पाणी जपायची पद्धत आफ्रिकन बायकांच्या हातची आहे. मळ्यांवर स्वयंपाक त्याच करत होत्या. "सदर्न फूड" म्हणून जे मिरवतं त्यातलं बरंचसं त्यांनी केलेलं आहे, मालकांच्या वह्यांत कृती लिहिली गेली एवढंच.

आणि कार्व्हर! मराठी माणसाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर सांगावा लागत नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांनी शाळेत असताना ते चरित्र वाचून डोळे पुसलेत. पण सगळ्यांना शेंगदाणेच आठवतात. अलाबामातल्या टस्कीगीला असताना त्यांनी चवळीवरही लिहिलं, 1917 ची एक पुस्तिका तर चवळी कशी पिकवावी आणि तिचे चाळीस पदार्थ कसे करावेत यावरच आहे. कापसाने चोपलेल्या जमिनीत चवळी लावली की ती नायट्रोजन परत देते आणि वर घरच्यांचं पोट भरते, गरीब शेतकऱ्याला त्यांना हेच पटवायचं होतं. आपल्याकडे ज्वारी-बाजरीत चवळीची ओळ टाकतात, त्यातही हाच फायदा.

पॉटलिकर म्हणजे काय? त्यात दारू असते?

नसते. पाला शिजवल्यावर पातेल्यात जे हिरवट-तपकिरी पाणी राहतं ते पॉटलिकर. कटाच्या आमटीत पुरणाचा कट जसा, तसंच, पाणी म्हणून टाकून द्याल तर पदार्थाचा जीवच गेला. पाल्यातले पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्वं-क्षार त्यातच उतरतात. मळ्यांवर मालकाच्या टेबलावर भाजी जायची आणि पाणी स्वयंपाकघरात राहायचं, आणि तेच पिऊन पोरं धष्टपुष्ट व्हायची असं इथे सांगतात.

यावरून इथे भांडणंही झालीत. 1931 मध्ये लुईझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन हे वर्तमानपत्र यांच्यात वाद पेटला की मक्याची भाकरी पॉटलिकरमध्ये बुडवून खायची की कुस्करून. लाँग बुडवणारे, पेपर कुस्करणारा, वाचकांची पत्रं बरेच दिवस येत होती. मग 1982 मध्ये जॉर्जियाचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर झेल मिलर यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून सुनावलं की तो शब्द पॉट आणि लिकर असा तोडून लिहायचा नाही, पॉटलिकर, एकच शब्द. मिसळीचा पाव बुडवावा का कुस्करावा यावर वर्तमानपत्रात वाद झाला तर कोल्हापूर कसं पेटेल, तसं समजा. मी कुस्करते.

कॉर्नब्रेड कसा करायचा? साखर घालायची?

साखरेवरून इथे मैत्री तुटते. आजींच्या घरी साखर नाही, माझ्या घरीही नाही, आणि तुम्हाला गोड हवा असेल तर त्याला केक म्हणा. दोन कप मक्याचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, मीठ, एक अंडं आणि दीड-दोन कप ताक. इथलं बटरमिल्क दाट असतं, आपलं पातळ ताक घेऊ नका, आंबट दही थोडं सैल करून घ्या. भारतात असाल तर दुकानात "कॉर्नफ्लॉवर" मागू नका, ते पांढरं स्टार्च येतं, मक्याचं पिवळं पीठ मागा, जरा रवाळ.

बिडाचा तवा किंवा खोलगट कढई ओव्हनमध्ये 220 सेल्सियसला तापवायची, त्यात तूप किंवा बेकनची चरबी दोन चमचे, आणि पीठ ओतलं की चर्रर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर कड कुरकुरीत होणार नाही. वीस-पंचवीस मिनिटं. ओव्हन नसेल तर सरळ मक्याची भाकरी थापा, कुणाला काही वाटणार नाही, उलट इथला जुना कॉर्नपोन, म्हणजे मक्याच्या पिठाचा साधा थापलेला ब्रेड, तिच्या बराच जवळ जातो.

टेबलावर ती हिरव्या मिरच्यांची बाटली कसली असते?

पेपर व्हिनेगर. छोट्या तिखट मिरच्या अख्ख्या बाटलीत भरायच्या, देठाशी एक चीर, वरून उकळतं व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ. आठवडाभर ठेवायचं. मिरच्या खायच्या नाहीत, ते तिखट व्हिनेगर सूपवर शिंपडायचं, संपलं की वरून परत भरायचं. हे नसेल तर सूप अर्धंच आहे असं माझं ठाम मत. आपली लवंगी मिरची यासाठी एक नंबर.

पोट फुगतं का? आणि औषधं चालू असतील तर?

चवळी राजम्याहून बरी, तरी भिजवलेलं पाणी फेकलं तर आणखी बरं. दुसरं महत्त्वाचं: कॉलर्डमध्ये व्हिटॅमिन के भरपूर असतं, घरात कुणी वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असेल तर एकदम वाटीभर खाण्याआधी डॉक्टरला विचारा. हॅमचं हाड बीपीवाल्यांना खारट पडतं, तिथे टर्की किंवा शाकाहारी प्रकार, आणि मीठ हाताशी धरून.

उरलं तर?

उरायलाच पाहिजे, दुसऱ्या दिवशी दुप्पट छान लागतं. तासा-दोन तासांत लहान डब्यांत काढून फ्रीजमध्ये टाका, मोठं पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. तीन-चार दिवस टिकतं, फ्रीजरमध्ये तीन महिने. घट्ट झालं तर पाणी घालून सारखं करा. माझ्या मुलीला सूप म्हणून दिलं तर नाक मुरडते आणि तेच भातावर ओतून तूप घातलं की "आज आमटी वेगळीये" म्हणून दोनदा घेते, तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

किती आधी सामान आणू?

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी. 30 तारखेला गेलात तर आमच्या इथल्या दुकानात कॉलर्डच्या जागी फक्त ओली बर्फाची ताटली असते आणि चवळीच्या कप्प्यात कुणीतरी ठेवून गेलेलं राजम्याचं एक फाटकं पाकीट.